अणूच्या खुणेवर लेसर : प्रस्तावना

कॉम्पॅक्ट डिस्क वाजवणारी यंत्रे १९८२ साली जपानच्या बाजारात आली. डिस्कवरच्या खाचा वाचण्यासाठी त्यांत गॅलियम, ॲल्युमिनियम आणि आर्सेनिकच्या संयुगाची एक बारीक चिप असे. तिच्यातून निघणाऱ्या लेसरची तरंगलांबी होती ७८० नॅनोमीटरच्या आसपास. रुबिडियमचा अणू ज्या प्रकाशाला सर्वांत जोमाने प्रतिसाद देतो त्याची तरंगलांबी आहे ७८०.२४ नॅनोमीटर. गाणी वाजवणाऱ्या कंपन्यांनी आपला आकडा ठरवला तेव्हा रुबिडियम त्यांच्या खिजगणतीतही नव्हते. पण त्यांनी लाखोंनी लेसर बनवले, त्यामुळे ते स्वस्त झाले, आणि अणुभौतिकीच्या प्रयोगशाळांना जे यंत्र एरवी परवडले नसते ते आयते हाती लागले. एका धंद्याच्या योगायोगावर विज्ञानाची अख्खी शाखा फोफावल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

या पुस्तकाचा विषय त्या योगायोगाच्या पुढे सुरू होतो. ७८० आणि ७८०.२४ हे आकडे कागदावर शेजारी दिसतात, अणूच्या लेखी मात्र त्यांच्यात प्रचंड अंतर आहे. रुबिडियमच्या वर्णपटातल्या त्या रेषेची वारंवारता सुमारे ३८४ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८४ लाख कोटी आंदोलने. रेषेची स्वतःची रुंदी जेमतेम ६ मेगाहर्ट्झ. एकूण वारंवारतेचे सहा कोटी भाग केले तर त्यातला एक. नुसता चालू केलेला डायोड लेसर या रेषेवर उभा राहत नाही. त्याच्या प्रकाशाचीच रुंदी वीस-तीस मेगाहर्ट्झ सहज भरते, आणि तो प्रकाश जागाही बदलत राहतो. चिपचे तापमान एका अंशाने वाढले की वारंवारता सुमारे ३० गिगाहर्ट्झने घसरते, विद्युतप्रवाह एका मिलिअँपिअरने वाढला तरी काही गिगाहर्ट्झने सरकते. मधूनच ती एका जागेवरून दुसरीकडे उडीही मारते, तिला प्रयोगशाळेत मोड हॉप म्हणतात. अशा लेसरने अणू थंड करता येत नाहीत, त्यांच्या ऊर्जापातळ्या मोजता येत नाहीत आणि घड्याळ तर बनवता येतच नाही.

हे पुस्तक बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिले आहे, म्हणून एक हिशेब इथल्याच रस्त्यावर करून पाहतो. मलकापुराहून मोताळा मार्गे निघून राजूर घाट चढले की बुलढाणा येते. चढ साधारण चारशे मीटरचा. तेवढ्यात हवेचा दाब चाळीसेक हेक्टोपास्कलने उतरतो. कानात दडा बसण्यापलीकडे प्रवाशाला त्याचे काही वाटत नाही. आता गाडीत एक चालू डायोड लेसर आहे असे धरा, आणि त्याच्या चिपसमोर दोन सेंटिमीटर अंतरावर प्रकाश परत पाठवणारी ग्रेटिंग बसवली आहे. मधली जागा, म्हणजे लेसरची बाह्य पोकळी, उघडी, हवेने भरलेली. हवेचा अपवर्तनांक दाबाबरोबर बदलतो, त्यामुळे दर हेक्टोपास्कलमागे या लेसरची वारंवारता सुमारे १०० मेगाहर्ट्झने सरकते. घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत ती ४ गिगाहर्ट्झने सरकलेली असेल, म्हणजे अणूच्या रेषेच्या रुंदीच्या सहाशेपट. घाटाचे सोडा, वळवाच्या वादळाआधी दाब दोन हेक्टोपास्कल उतरला तरी तोच लेसर रेषेपासून कोसभर दूर जातो.

तापमानाचा हिशेब याहून कडक. दोन सेंटिमीटरची पोकळी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरली असेल आणि ठोकळा एका अंशाच्या फक्त हजाराव्या भागाने तापला, तर ॲल्युमिनियमच्या प्रसरणाने वारंवारता ९ मेगाहर्ट्झने बदलते. अणूची सगळी रेषाच सहाची. मलकापूर-शेगावच्या बाजूला मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे रेंगाळतो, तिथे ही अट वाचून कोणालाही हसू येईल. रुबिडियमचा वितळणबिंदू ३९.३ अंश सेल्सिअस आहे हे त्यात मिळवा. काचेच्या नळीतला तो चंदेरी ठिपका अशा दुपारी पंख्याखालीही पातळ होतो, नळीतली त्याची वाफ दाट होते आणि सकाळी घेतलेला आलेख दुपारच्या आलेखाशी जुळेनासा होतो.

माझ्या मते या विषयाचा गाभा याच आकड्यांत आहे. अचूक मोजमाप म्हणजे महागडे यंत्र, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. डायोड लेसरपुरते बोलायचे तर अचूकता विकत मिळते ती फार थोडी. उरलेली तापमान, प्रवाह, दाब, कंपन या चार शत्रूंशी दिवसरात्र चालणाऱ्या बंदोबस्तातून घडते, आणि तो बंदोबस्त जिल्ह्याच्या ठिकाणी शिकता येतो.

मागे वळून पाहिले तर अर्धवाहक लेसरचा जन्म १९६२ चा. जनरल इलेक्ट्रिकचे रॉबर्ट हॉल, आणि त्यांच्या पाठोपाठ काही आठवड्यांतच आयबीएम आणि लिंकन प्रयोगशाळेतले गट, यांनी गॅलियम आर्सेनाइडमधून लेसर काढून दाखवला. तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणिक स्पंदांतच चालत असे. महाराष्ट्रही यात फार मागे नव्हता. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, साठच्या दशकाच्या मध्यातच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला आणि त्याच्या किरणावरून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संदेशवहनाचा प्रयोगही झाला. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या कुमार पटेल यांनी त्याच सुमारास, १९६४ मध्ये, अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. तो वायूचा लेसर, आपल्या विषयाहून निराळ्या कुळातला, म्हणून इथे त्याचा नुसता उल्लेख.

खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा डायोड लेसर १९७० मध्ये झाला. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि बेल प्रयोगशाळेत हायाशी आणि पॅनिश यांनी, वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकावर एक रचून तो साधला. या थररचनेच्या कल्पनेसाठी अल्फेरॉव्ह आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० सालचे नोबेल मिळाले. तरी अणुभौतिकीवाल्यांना हा लेसर पुढची दहा वर्षे नकोसाच होता. त्यांच्याकडे डाय लेसर होते, रंगद्रव्याच्या द्रावणाला आर्गॉन लेसरने पेटवणारे. रेषा सुंदर, पण सोबत तीन फेजची वीज, नळाचे वाहते पाणी, दर काही दिवसांनी बदलायचा रंग आणि सतत हाताशी असलेला एक माणूस. हा संसार थाटणे फार थोड्या विद्यापीठांना झेपत होते.

डायोडची रेषा इतकी पसरट का, याचे उत्तर दोन टप्प्यांत आले. कोणत्याही लेसरच्या रेषेला एक किमान रुंदी असते, हे शॉलो आणि टाउन्स यांनी १९५८ मध्ये दाखवले होते. पोकळी जितकी आखूड आणि आरसे जितके गळके, तितकी ही रुंदी जास्त. डायोडची पोकळी मिलिमीटरहून लहान आणि तिचे आरसे म्हणजे स्फटिकाच्या उघड्या कडा, तीसेक टक्के प्रकाश परत पाठवणाऱ्या. १९८२ मध्ये चार्ल्स हेन्री यांनी त्यात भर घातली : डायोडमध्ये प्रकाशाची तीव्रता किंचित हलली की विद्युतभारांची संख्या हलते, त्याबरोबर पदार्थाचा अपवर्तनांक हलतो आणि मग वारंवारताही हलते. त्यामुळे रुंदी आणखी कित्येकपट वाढते. निदान झाले की उपाय सुचतो. पोकळी लांब करा, आणि परत येणारा प्रकाश निवडून पाठवा. डायोड बाहेरून येणाऱ्या इवल्याशा परावर्तनानेही बिथरतो, ही त्याची खोड सर्वांना ठाऊक होती. तिचाच उपयोग करायचा. १९८१ मध्ये फ्लेमिंग आणि मूराडियन यांनी बाह्य पोकळीतल्या डायोडची रेषा किती अरुंद होते हे मोजून दाखवले.

पण मोजून दाखवणे वेगळे आणि सगळ्यांच्या हाती देणे वेगळे. ते दुसरे काम अमेरिकेतल्या बोल्डर गावी झाले. कार्ल वीमन आणि लिओ हॉलबर्ग यांनी १९९१ मध्ये अणुभौतिकीसाठी डायोड लेसर कसे वापरावेत यावर एक दीर्घ लेख लिहिला. पुढच्याच वर्षी मॅकॲडम, स्टाइनबाख आणि वीमन यांनी ग्रेटिंगवाल्या लेसरची सगळी कृती, मापांसकट, भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या मासिकात छापली. संशोधनाच्या नव्हे, शिकवण्याच्या मासिकात! १९९५ च्या जूनमध्ये त्याच बोल्डरमध्ये वीमन आणि एरिक कॉर्नेल यांनी रुबिडियमचा पहिला बोस-आइन्स्टाइन संघनित ढग तयार केला, तेव्हा अणू थंड करणारे लेसर डायोडचेच होते. त्यांना मिळालेल्या २००१ च्या नोबेलमागे हा साधेपणा उभा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, असे मला नेहमी वाटते.

आज या क्षेत्रात किती पंथ आहेत हे नवख्याला एकदम कळत नाही, कारण प्रत्येक पंथाचा माणूस आपलीच रीत जणू एकमेव असल्यासारखी सांगतो. लेसर कसा घडवावा, यावरून पहिली फाळणी. ग्रेटिंगवाले सर्वांत जुने. काचेवर मिलिमीटरला १८०० रेघा असलेली ग्रेटिंग ७८० नॅनोमीटरसाठी सुमारे ४५ अंशांत तिरकी धरली की एक किरण उलट्या पावली डायोडमध्ये जातो आणि साधे परावर्तन बाहेर पडते. या रचनेचे नाव लिट्रो. ग्रेटिंग किंचित फिरवली की रंग बदलतो. सोपे, स्वस्त, डोळ्यांना समजणारे, आणि रेषा एका मेगाहर्ट्झच्या आत आणणारे. दोष इतकाच की ग्रेटिंग स्क्रूवर आणि स्प्रिंगवर टेकलेली असते आणि टेबलाला कोणाचा धक्का लागला की तिला कळते. दुसरा पंथ ग्रेटिंगऐवजी पातळ थरांचे व्यतिकरण गाळणे वापरतो. पॅरिसच्या एका गटाने २००६ मध्ये मांडलेल्या या रचनेत रंग निवडण्याचे काम गाळणे करते आणि प्रकाश परत पाठवण्याचे काम आरसा. कामे वाटली गेल्यामुळे धक्क्याचा परिणाम कमी होतो. तिसरा पंथ म्हणतो, बाहेर काही नकोच, ग्रेटिंग चिपमध्येच कोरा. असे लेसर मोड हॉपशिवाय दूरवर सरकवता येतात, हलवले तरी तक्रार करत नाहीत, फक्त रेषा थोडी रुंद राहते आणि हव्या त्या तरंगलांबीला मिळतीलच याची खात्री नसते. २०१७ च्या जानेवारीत जर्मन शास्त्रज्ञांनी सगळी उपकरणे अग्निबाणातून अवकाशात नेऊन तिथे बोस-आइन्स्टाइन संघनन घडवले, तेव्हा असेच आटोपशीर डायोड संच वर गेले होते. प्रक्षेपणाचे हादरे बसल्यावर तिथे स्क्रू पिळायला कोणी नव्हते. पुस्तकाच्या लेखकांनी या तिसऱ्या पंथाला थोडक्यात उरकले आहे. त्यांचे कारण मला समजते, कारण चिप घरी कोरता येत नाही. तरी पुढची वीस वर्षे या पंथाची असतील असे माझे मत आहे.

दुसरी फाळणी जास्त खोल. लेसर चुकला हे त्याला सांगायचे कोणी? एक उत्तर अणू, दुसरे उत्तर पोकळी.

अणूवाल्यांची रीत मला जास्त भावते, म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ भरा आणि तिच्यातून लेसर सोडा. अणू सेकंदाला शेकडो मीटरच्या वेगाने सैरावैरा धावत असतात. समोरून येणाऱ्याला प्रकाशाची वारंवारता जास्त भासते, पळून जाणाऱ्याला कमी. परिणामी ६ मेगाहर्ट्झची रेषा फुगून पाचशेची होते. आता तोच किरण मंद करून, आरशाने फिरवून उलट दिशेने त्याच वाटेवर पाठवा. धावणाऱ्या अणूला दोन्ही किरण वेगवेगळे भासतात. जो अणू किरणाच्या दिशेने धावतच नाही, त्यालाच दोन्ही सारखे. जोरदार किरणाने त्याला आधीच व्यापून टाकलेले असते, म्हणून मंद किरण त्याच्यापाशी कमी शोषला जातो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रुंद खळग्याच्या तळाशी बारीक टोके उगवतात. त्यांतली काही तर कोणत्याच रेषेची नसतात, दोन रेषांच्या बरोबर मध्यावर येतात आणि बहुधा तीच सर्वांत उंच असतात. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास त्यांनाच खरी रेषा समजतो. ही झाली संपृक्त शोषणाची पद्धत.

टोक सापडले तरी एक पेच उरतो. टोकावर उभे राहून लेसर डावीकडे घसरला की उजवीकडे हे कळत नाही, कारण उंची दोन्हीकडे सारखीच कमी होते. म्हणून लेसरची वारंवारता मुद्दाम थोडी हलवत ठेवायची आणि उत्तर त्या हलण्याशी जुळवून वाचायचे. मग टोकाच्या एका बाजूला संकेत धन येतो, दुसऱ्या बाजूला ऋण, आणि बरोबर टोकावर शून्य. हा एरर सिग्नल हाती आला की पुढचे काम इलेक्ट्रॉनिक्सचे : सावकाश चुका पिझोच्या वडीला सांगून ग्रेटिंग सरकवायची, झटपट चुका थेट डायोडच्या प्रवाहात दुरुस्त करायच्या. कपाशीच्या तासांतून डवरा हाकणारा माणूस बैल पिकावर गेल्यावर जागा होत नाही, वळू लागताच रुमण्यावर हात दाबतो. लेसरला खुणेवर धरून ठेवणारा लॉक याच चालीचा असतो. दुरुस्ती उशिरा केली की लेसर निसटतो, फार जोरात केली की तो थरथरू लागतो आणि अवघा आलेख कापतो. लॉकच्या पुष्कळ रीती आहेत. वीमन आणि हान्श यांनी १९७६ मध्ये ध्रुवीकरणावर आधारलेली रीत आणली, तीत लेसर हलवावा लागत नाही. १९९८ च्या सुमारास चुंबकीय क्षेत्रात अणूची रेषा फोडून संकेत मिळवण्याची रीत रूढ झाली. ती थोडी ढिली, पण कोणी दार आपटले तरी न सुटणारी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते.

पोकळीवाले अणूला बाजूला ठेवतात. दोन उत्तम आरसे अगदी कमी प्रसरण पावणाऱ्या काचेच्या ठोकळ्यावर घट्ट बसवायचे, तो ठोकळा निर्वातात, तापमान राखून, कंपनांपासून दूर ठेवायचा आणि लेसरला त्याच्या अनुनादावर बांधायचे. रॉबर्ट पाउंड यांनी १९४६ मध्ये सूक्ष्मतरंगांसाठी जी युक्ती केली होती तीच १९८३ मध्ये रोनाल्ड ड्रेव्हर, जॉन हॉल आणि सहकाऱ्यांनी प्रकाशासाठी केली. दहा सेंटिमीटरच्या अशा पोकळीवर लेसर एका हर्ट्झच्या आत आणायचा तर पोकळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलून चालत नाही. असे आकडे वाचून मान डोलवायची नाही, कागद घेऊन स्वतः गुणाकार करायचा. या पुस्तकात ती सवय लावली आहे. दोन्ही पंथांची सोयरीकही होते. प्रकाशीय अणुघड्याळात लेसर आधी पोकळीने शांत केला जातो आणि मग सावकाश अणूच्या खुणेवर आणला जातो.

हे सारे आपल्यापासून फार लांब घडत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत उमाकांत रापोल यांच्या गटाने रुबिडियमचे संघनन घडवले आहे. पुण्यातच आयुकाच्या आवारात शुभदीप डे यांची प्रयोगशाळा इटर्बियमच्या एकाच आयनावर चालणाऱ्या प्रकाशीय घड्याळाच्या कामात आहे. त्या आयनाला थंड करायला ३६९.५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो, आणि तो ७३९ नॅनोमीटरच्या लेसरची वारंवारता दुप्पट करून मिळवता येतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वसंत नटराजन यांच्या गटाने अल्कली अणूंच्या ऊर्जापातळ्यांची सूक्ष्म मोजमापे बव्हंशी घरच्या डायोड लेसरांवर केली, आणि या क्षेत्रातली बरीच भारतीय मंडळी तिथे घडली. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे.

त्याच एप्रिलमध्ये लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेलाही अंतिम मंजुरी मिळाली, २,६०० कोटींची. लोणारहून आग्नेयेला गेले की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ लागते, तिथे ही वेधशाळा उभी राहायची आहे. चार किलोमीटर लांब भुजा, आणि त्यांत धावणारा १०६४ नॅनोमीटरचा लेसर. तो लेसर डायोडचा नाही, पण त्याच्या स्फटिकाला ऊर्जा डायोडच पुरवतात, आणि त्याला भुजांशी बांधून ठेवणारी युक्ती ड्रेव्हर यांचीच. ड्रेव्हर लायगोच्या संस्थापकांपैकी एक. बुलढाण्याच्या पोराने नळीतल्या रुबिडियमवर लेसर लॉक करताना जो एरर सिग्नल पाहिला, त्याच जातीचा संकेत औंढ्याला चार किलोमीटरच्या निर्वातात वाचला जाईल. त्या वेधशाळेला शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हे हातकाम येणारी माणसे लागणार, आणि ती विदर्भ-मराठवाड्यातून का जाऊ नयेत?

अणुघड्याळांची गरज तर भारताला चटका बसूनच कळली. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन व्यवस्थेच्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी उडालेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच देशात बनलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. अशा पारंपरिक घड्याळात लेसर नसतो, रुबिडियमचा दिवा असतो, हे इथे स्पष्ट केलेले बरे, कारण उत्साही लिखाणात ही गल्लत नेहमी होते. दिव्याच्या जागी स्थिर डायोड आणणे ही पुढची पायरी. दरम्यान २०३० च्या सुमारास सेकंदाची व्याख्याच सिझियमवरून प्रकाशीय घड्याळांकडे नेण्याचा विचार चालू आहे. तसे झाले तर सेकंद ठरवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या पोटात कुठेतरी एक लॉक केलेला लेसर असेल.

या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा एक उपयोग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांत, खारपाणपट्टा पसरला आहे. अकोला आणि अमरावतीतही तो जातो. विहीर खणावी तर पाणी खारे, ही तिथल्या पिढ्यांची कहाणी. असे पाणी जमिनीत किती काळ मुरलेले आहे हे विचारण्याचे एक साधन डायोड लेसरांनी जगाला दिले आहे. पाण्यात विरघळलेल्या क्रिप्टॉनमध्ये, दहा लाख कोटी अणूंमागे पाच-सहा, क्रिप्टॉन-८१ चे किरणोत्सारी अणू असतात. त्यांचे अर्धायुष्य सुमारे २ लाख २९ हजार वर्षे. अमेरिकेच्या अर्गॉन प्रयोगशाळेत १९९९ मध्ये झेंग-तियान लू आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या सापळ्यात हे अणू एकेक पकडून मोजण्याची पद्धत दाखवली. २००४ मध्ये तिच्या जोरावर इजिप्तच्या वाळवंटाखालचे पाणी काही ठिकाणी दहा लाख वर्षांपर्यंत जुने असल्याचे कळले. काही शतकांच्या पाण्यासाठी आर्गॉन-३९ वापरतात, त्याचे अर्धायुष्य २६८ वर्षे. दोन्हींसाठी लेसर ८११ ते ८१२ नॅनोमीटरच्या टापूतला, आणि तो त्या एका समस्थानिकाच्या रेषेवर तासन्‌तास न हलता उभा राहिला पाहिजे, नाही तर शेजारचे नको असलेले कोट्यवधी अणू मोजणी गढूळ करतात. खारपाणाचे वय हा या साधनाला विचारण्याजोगा रास्त प्रश्न आहे.

आता पुस्तकाविषयी. एक हर्ट्झचा लेसर बनवून देण्याची बढाई यात नाही. लेखकांनी मुक्काम स्वच्छ ठरवला आहे : ७८० नॅनोमीटरचा एक डायोड, घरच्या लेथवर आणि ड्रिलवर केलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, दहा किलोओहमचा थर्मिस्टर, पेल्टिए, ग्रेटिंग, पिझो, आणि शेवटी संपृक्त शोषणाच्या टोकावर तासभर टिकलेला लॉक. परदेशी तयार संचाला अनेक लाख रुपये मोजावे लागतात, तो घेणाऱ्या विभागाला हे पुस्तक कदाचित नको असेल. पण तयार डब्याचे झाकण उघडायची ज्याला भीती वाटत नाही असा विद्यार्थी याच वाटेने तयार होतो. प्रवाह पुरवणाऱ्या मंडलाची चर्चा लिब्रेख्ट आणि हॉल यांच्या १९९३ च्या रचनेवरून सुरू होते आणि इथल्या वस्तुस्थितीवर येते : अर्थिंग नावापुरते असलेली इमारत, वीज गेल्यावर परत येताना बसणारा झटका, खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर. पावसाळ्यात डायोड थंड ठेवावा तर त्यावर दव धरते, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत बोटांवरची स्थितिक वीज तो एका स्पर्शात मारते. हे दोन्ही ऋतू ध्यानात घेऊन लिहिलेले लेसरचे पुस्तक माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

भाषेच्या बाबतीत लेखकांनी सोवळे पाळलेले नाही. जिथे मराठी शब्द वर्गात रुळला आहे तिथे तो आहे, आणि जिथे विद्यार्थी लॉक, पिझो, ग्रेटिंग असेच म्हणतात तिथे तेच ठेवले आहे. गणित आवश्यक तेवढेच आले आहे. नियंत्रण सिद्धान्ताचा भाग मला थोडा आटोपता वाटला. लाभ कधी वाढवावा आणि कधी थांबावे यावर अजून दोन-चार आलेख असते तर बरे झाले असते.

वाचणाऱ्याने पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे असे नाही. हातात डायोड आधीच असेल तर तापमानाच्या भागापासून सुरुवात करावी आणि लेसर आठवडाभर नुसता तापमानावर स्थिर ठेवून त्याची वारंवारता नोंदवावी. हा कंटाळवाणा आठवडा टाळणाऱ्याचा लॉक पुढे रोज सुटतो. आणि त्याही आधी सुरक्षेची पाने. ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम लाल दिसतो, म्हणून पापणी मिटत नाही आणि इजा कळेपर्यंत झालेली असते. किरण शोधायला मोबाइलचा कॅमेरा किंवा अवरक्त कार्ड वापरा, या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावा, घड्याळ-अंगठ्या काढून ठेवा, आणि किरण टेबलाच्या पातळीलाच राहील, डोळ्याच्या उंचीला येणार नाही, अशी मांडणी पहिल्याच दिवशी करून घ्या.